मायक्रोलाइट: पडद्याच्या कापडापासून साठीतल्या वैमानिकापर्यंत

नोकरीतून मोकळं झाल्यावर विमान चालवायला शिकलेली, इतकंच काय स्वतःचं विमान बाळगणारी माणसं ब्रिटनमध्ये भेटतात. सगळी गर्भश्रीमंत नसतात. त्यांचं विमान बहुधा मायक्रोलाइट असतं, म्हणजे एक-दोन माणसांपुरतं अगदी हलकं विमान. त्यांना हे कसं परवडतं, याचं उत्तर बरंचसं वजनकाट्यावर मिळतं.

मूळ कल्पना अमेरिकेतली. विमानविद्येतले अभियंते फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ साली घरच्या पडद्याच्या कापडाचा पतंग शिवून लवचीक पंख उडवून पाहिला. पुढे नासाने जेमिनी हे अंतराळयान जमिनीवर उतरवायला हाच पंख वापरायचा विचार केला, पण शेवटी पॅराशूटच वापरलं. पंख मात्र हँग ग्लायडरवाल्यांनी, म्हणजे पंखाला लटकून इंजिनाशिवाय तरंगणाऱ्यांनी, उचलला. त्यांची अडचण एकच, उडी मारायला डोंगर हवा. मग इंजिन आलं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ऑशकॉश गावच्या विमानमेळ्यात जॉन मूडी यांनी इंजिन लावलेलं ग्लायडर अक्षरशः पळत पळत हवेत नेलं. चाकांचं काम पायांनी केलं! साठीतल्या गुडघ्यांना हे कुठलं झेपायला? चाकं आणि बसायला सीट आल्यावरच हा छंद तरुणांच्या हातून निसटला.

मग कायदा आला. अमेरिकेने १९८२ मध्ये रिकामं वजन सुमारे ११५ किलोच्या आत असलेल्या एकआसनी विमानाला परवान्यातूनच सूट दिली. ब्रिटनने परवाना ठेवला, पण सुटसुटीत केला. दोन आसनी मायक्रोलाइटची, माणसं आणि पेट्रोल धरून, वजनमर्यादा बरीच वर्षं ४५० किलो होती, २०२१ पासून ती ६०० झाली. (जुन्या मर्यादेत दोन सुखवस्तू पोटं बसली की पेट्रोल कमी भरावं लागे.) हलकं विमान संथ उतरतं, लहानशा गवताळ पट्टीवर मावतं, म्हणून नियमही हलके. शिकायला किमान २५ तास पुरतात, प्रत्यक्षात उतारवयात जास्त लागतात. २००२ च्या राष्ट्रीय परवान्याने वैद्यकीय तपासणीची अट सैल केली. आता बहुतेकांना स्वतःच्या प्रकृतीचं घोषणापत्र चालतं, आणि माझ्या मते ज्येष्ठांसाठी खरं दार तिथेच उघडलं. मालकीचंही तसंच. चार-पाच जण मिळून एक विमान घेतात. कापडी पंखाचं असेल तर पंख घडी करून ते ट्रेलरवरून घरी नेता येतं.

आपल्याकडचं ठळक नाव ‘रेमंड’चे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांचं. १९८८ मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना, ते मायक्रोलाइटने लंडनहून दिल्लीला २३ दिवसांत पोहोचले. अर्थात ते नवशिके नव्हते, आणि पैशांची चणचणही नव्हती. २००५ मध्ये तेच मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून सुमारे २१ किलोमीटर उंची गाठून नाशिक जिल्ह्यात उतरले. आज मुंबईत मायक्रोलाइटचं नाव बहुधा दिसतं ते पोलिसांच्या मनाई आदेशात, ड्रोन आणि पॅराग्लायडरच्या शेजारी.