लिथियम सेलचा मापाडी

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा गेल्या महिन्यात चपलांच्या खोक्यातून सहा सेल घेऊन आला. वडिलांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी त्याने घरीच उघडली होती, आणि निकेलच्या पट्ट्यांचे कातरलेले तुकडे सेलच्या टोकांना अजून चिकटलेले होते. "काकू, मल्टिमीटरवर चार सेल ३.७ व्होल्ट दाखवतायत, दोन १.२ वर आहेत. म्हणजे चार चांगले ना? राउटरला बॅकअप करायचाय." आमच्या पाचपाखाडीत वीज गेली की निम्म्या इमारतीचं ऑफिस बंद पडतं, त्यामुळे हेतू चांगलाच होता. बॅटरी स्क्रूड्रायव्हरने फोडली म्हणाला तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. टोक सेलच्या पत्र्यात घुसलं असतं तर आतल्या आत शॉर्ट होऊन तिथेच पेट घेतला असता. अशी बॅटरी जोडाच्या रेषेवरून, प्लॅस्टिकच्या पट्टीने, हळूहळू उकलायची असते.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं मीटर तपासायचं काम केलं. आकडा दिसला की तो कसा मोजला हे विचारायची सवय तिथलीच. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं नाही, कारण ३.७ व्होल्ट या आकड्यातून सेलमध्ये किती माल मावतो हे कळतच नाही. गडू आणि घागर दोन्ही निम्मे भरलेले असतील, तर निम्मे आहेत एवढंच कळतं. गडू कुठला आणि घागर कुठली, ते ओतून मोजल्याशिवाय कळत नाही. म्हाताऱ्या सेलची घागर आतून आक्रसत आक्रसत गडवाएवढी होते, आणि बाहेरून तो तसाच दिसतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याचं १८६५० हे नावही त्या मापांवरूनच पडलं.

ओतून मोजायचं काम करतो तो कपॅसिटी टेस्टर. तो आधी सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरतो. मग ठरलेला करंट काढत तो रिकामा करतो आणि व्होल्टेज ठरलेल्या तळाशी आलं की थांबतो. ५०० मिलिअँपिअरने ४ तास १२ मिनिटं सेल चालला, तर हिशेब झाला २१०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते २१०० एमएएच. शेवटी चांगला टेस्टर सेल पुन्हा भरून ठेवतो. या सगळ्यात दहा-अकरा तास जातात. सकाळी लावायचा आणि संध्याकाळी आकडा वाचायचा. रात्री लावून झोपायचं नाही, हे मी त्या मुलाकडून वदवून घेतलं.

वाशीच्या बाजार समितीत मालाचं माप घेणारे मापाडी असतात. टेस्टर हा सेलचा मापाडी. आणि मापाडी म्हटला की माप कसं घेतलं हा प्रश्न आलाच. माझी आजी पायलीने तांदूळ मोजायची तेव्हा शीग ठेवून मोजायचे की वरून हात फिरवून सपाट, हे देणाऱ्या-घेणाऱ्यात आधी ठरलेलं असायचं. तेच तांदूळ, तीच पायली, तरी दोन रीतींमध्ये ओंजळभराचा फरक पडायचा. सेलचंही असंच आहे. '२६०० एमएएच' हा कंपनीचा आकडा एका ठरावीक रीतीने घेतलेला असतो. सॅमसंगचा लॅपटॉपमध्ये सर्रास सापडणारा २६एफ हा सेल घ्या. त्याचे २६०० म्हणजे पाच तासांत रिकामा होईल इतक्या मंद करंटने, २.७५ व्होल्टपर्यंत उतरवून मोजलेले २६००. तुम्ही तोच सेल दुप्पट करंटने ३ व्होल्टपर्यंतच उतरवलात तर आकडा कमी येणारच, आणि त्यात दोष ना सेलचा ना टेस्टरचा.

तळाचं व्होल्टेज, ज्याला सगळे कट-ऑफ म्हणतात, ते सेलगणिक वेगळं असतं. पॅनासोनिकचा एनसीआर १८६५०बी २.५ व्होल्टपर्यंत उतरवायला बनवलेला आहे आणि त्याच्या तळच्या भागातही बराच माल असतो. ज्या टेस्टरचा कट-ऑफ २.८ वर कायमचा बसवलेला आहे तो हा तळ मोजतच नाही, आणि लोक नव्या सेलला जुना ठरवून मोकळे होतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल तर जातच वेगळी. ते ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतात. ४.२ च्या चार्जरमध्ये ते घालणं म्हणजे सेलची वाट लावणं. काही टेस्टरांना बाजूला किंवा आत यासाठी वेगळं बटण असतं. सेल आत ठेवण्याआधी त्यावरचा नंबर वाचायचा, तो पुसला असेल तर ओळख पटेपर्यंत थांबायचं.

तापमानाचाही वाटा असतो. थंडीत आतल्या आयनांची ये-जा मंदावते, सेल लवकर थकल्यासारखा वागतो आणि आकडा घटतो. ठाण्यात बर्फ पडत नाही, पण जानेवारीतल्या सकाळी घेतलेलं माप आणि मे महिन्यातल्या दुपारी गच्चीखालच्या खोलीत घेतलेलं माप शेजारी ठेवून तुलना करू नये. दोन सेलांची तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच करंटवर, एकाच कट-ऑफला.

आता थोडं जवळून दाखवते, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. खाचेत सेल बसवायच्या टेस्टरमध्ये मागे एक स्प्रिंगची सरकपट्टी असते आणि पुढे एक छोटा उंचवटा. करंट इथूनच वाहतो, आणि बहुतेक स्वस्त टेस्टर व्होल्टेजही इथूनच वाचतात. स्प्रिंग, गंज, बोटांचा तेलकटपणा असं सगळं मिळून तिथे ०.०५ ओहमचा रोध धरा. १ अँपिअर करंट वाहताना तिथे ०.०५ व्होल्ट गळतात. सेल प्रत्यक्षात २.८५ वर असतो आणि टेस्टरला वाटतं २.८० झाले, थांबा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हे संपर्क लवकर काळे पडतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाचा पुसल्या की आकडा वर गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. पडताळा घ्यायचा तर सेल रिकामा होत असताना मल्टिमीटरच्या काड्या थेट सेलच्या दोन टोकांना लावा आणि टेस्टरच्या पडद्यावरचं व्होल्टेज शेजारी वाचा. दोन आकड्यांत जो फरक दिसेल ती टेस्टरची चूक.

याचा खरा इलाज चार तारांचा. दोन तारा करंट वाहतात, उरलेल्या दोन फक्त व्होल्टेज वाचतात. वाचणाऱ्या तारांमधून जवळजवळ करंट जातच नाही, म्हणून त्यांच्यात गळतीही नाही. आमच्या कारखान्यात बारीक रोध मोजायचा तो याच पद्धतीने. टेस्टर विकत घेताना मी पहिली विचारपूस हीच करते.

बाजारात ढोबळमानाने तीन जातींचे टेस्टर मिळतात. चार खाचांचा चार्जर-टेस्टर घरी सोयीचा: लिटोकाला लीआय ५००, ओपस बीटी-सी ३१०० वगैरे. ज्याला महिन्याला दहा-वीस सेल बघायचे आहेत त्याने हाच घ्यावा असं माझं मत. फक्त चारही खाचा एकदम जोरात चालवू नका. १ अँपिअरने चार सेल रिकामे करताना त्या वीतभर डब्यात पंधरा-सोळा वॉट उष्णता तयार होते, आणि मधल्या दोन खाचांतले सेल कडेच्या दोघांपेक्षा जास्त तापतात. दुसरी जात उघड्या बोर्डाची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर झेडबी२एल३ नावाने मिळणारा बोर्ड दोन पांढऱ्या रेझिस्टरांमधून सेल रिकामा करतो. तो चार्ज करत नाही, सेल आपण आधी भरून द्यायचा. रेझिस्टर चटका बसेल इतके तापतात, म्हणून तो लादीवरच ठेवावा, टेबलावर वर्तमानपत्र पसरून तर मुळीच नको. पण शिकायला यासारखं साधन नाही. तिसरी जात कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रांची. झेडकेईटेकचं ईबीसी-ए२० हे त्यातलं एक. ते २० अँपिअरपर्यंत खेचतं, चार तारांनी मोजतं आणि रिकामं होण्याचा पूर्ण आलेख काढून देतं. ई-बाइकचे पॅक बांधणाऱ्या कारागिराने यापेक्षा कमीवर समाधान मानू नये.

कोणताही घेतलात तरी एक काम करा. एक चांगला, ओळखीचा सेल बाजूला काढा, त्यावर मार्करने 'माप' लिहा आणि तोच सेल एकेक करून चारही खाचांत मोजा. माझ्या टेस्टरमध्ये दुसरी खाच नेहमी तीस-चाळीस एमएएच कमी दाखवते. हे माहीत असलं की काही बिघडत नाही. हाच सेल दर सहा महिन्यांनी पुन्हा लावला की टेस्टर अचानक घसरला तर कळतं. वजनकाटा तपासायला प्रमाणित वजन लागतं, तसंच हे.

क्षमतेचा आकडा चांगला आला म्हणजे सेल पास झाला असं नाही. आमच्या इमारतीची जुनी गंजलेली पाइपलाइन मला यासाठी नेहमी आठवते. टाकी भरलेली असायची, बारीक धार लावली तर पाणी ठीक यायचं, आणि नळ पूर्ण सोडला की करंगळीएवढं. सेलच्या आतही असा अंतर्गत रोध असतो आणि वय वाढेल तसा वाढत जातो. ८० मिलिओहमचा सेल १ अँपिअरला फक्त ०.०८ व्होल्ट गमावतो. तोच ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट गमावतो आणि गरम होतो. राउटरला असा सेल चालेल, ड्रिल मशीनला नाही. खाचेच्या टेस्टरवर दिसणाऱ्या रोधाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. सेल जागच्या जागी फिरवला तरी ६० चे १२० होतात, कारण त्यात स्प्रिंगचा रोध मिसळलेला असतो. त्यासाठी चार तारांचा वेगळा मीटर लागतो. वायआर१०३५ हा त्यातला बऱ्यापैकी परवडणारा.

आणि मग ते चमकदार वेष्टनातले ९९०० एमएएचवाले सेल. लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ साली बाजारात आणला, तेव्हापासून इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर १८६५० च्या डब्यात साधारण साडेतीन हजारांच्या पुढे फारसं काही मावत नाही. टॉर्चसाठी एका दुकानातून घेतलेली अशी एक जोडी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एकेक २९ ग्रॅम भरला, चांगला सेल पंचेचाळीसच्या आसपास भरतो. टेस्टरवर ८७० एमएएच आले. वजन करायला दहा सेकंद लागतात, म्हणून मी आता आधी वजन करते. अंधारात टॉर्चवर भरवसा ठेवून चालणाऱ्या माणसाला असा सेल विकणं मला चोरीच वाटते.

आता त्या मुलाच्या सेलांकडे. लॅपटॉपमध्ये दोन-दोन सेलांच्या तीन जोड्या होत्या. जोडीतले दोघे एकमेकांना जोडलेले असतात म्हणून त्यांचं व्होल्टेज सारखंच राहतं, आणि त्यामुळेच १.२ वर एक नव्हे, नेमके दोन सेल सापडले. ते दोन मी टेस्टरला लावूच दिले नाहीत. सेल दीर्घकाळ इतका खाली राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा भरताना ते भलत्याच जागी जमून आतून शॉर्ट करू शकतं. 'जागे केलेले' सेल पुढे महिन्यांनी पेटतात ते असे. दोन्हींच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकले. ओल्या-सुक्या कचऱ्यात सेल टाकला तर तो कचरागाडीत दाबला जातो आणि गाडीतच आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

उरलेले चार, मूळचे २२०० चे, ५०० मिलिअँपिअरवर मोजले. २०१०, १९८५, १९४० आणि १३१०.

"काकू, चौथाही घेऊया ना, चारची सरासरी अठराशे येते."

मी त्याला कागदावर काढून दाखवलं. राउटरसाठी तीन सेल एकामागे एक जोडायचे. तिघांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे सरासरी लागू होतच नाही. १३१० वाला आधी रिकामा होणार आणि बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट, सगळा पॅक तोडणार. बीएमएस नसेल तर उरलेले दोघे त्या रिकाम्या सेलमधून करंट ढकलत राहून त्याला तळाच्याही खाली ओढून मारणार. तीन चांगले सेल धरले तर सुमारे ११ व्होल्ट गुणिले १.९ अँपिअर-तास, म्हणजे २१ वॉट-तास. ८ वॉटच्या राउटरला, मधल्या कन्व्हर्टरची गळती धरून, सव्वादोन तास. १३१० वाला घातला तर जेमतेम दीड तास.

त्याला पटलं आणि लगेच सोल्डरिंग गन काढायला निघाला. मी थांबवलं. एकतर सेलला थेट डाग देऊन तापवायचं नसतं, निकेलपट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात. आणि दुसरं, गळका सेल, म्हणजे नुसता ठेवला तरी आपोआप रिकामा होत जाणारा, टेस्टरवर हमखास पकडला जातो असं नाही. दहा तासांच्या मापात मंद गळती दिसत नाही. ती दिसायला दिवस जावे लागतात. म्हणून तिन्ही सेल पूर्ण भरून, नंबर घालून, स्टीलच्या ताटात एकमेकांपासून लांब मांडून ठेवले, आणि रोज संध्याकाळी तो शाळेतून आला की मल्टिमीटर घेऊन वर येतो. वही त्याचीच, अक्षरही त्याचंच.

आज बारावा दिवस. पहिला सेल ४.१८ वरून ४.१७ वर आहे, दुसरा ४.१७ वर जसाच्या तसा. तिसरा, १९४० वाला, पहिल्या दिवशी ४.१८ होता, परवा ४.०९, आज ४.०५. त्याने आकडा दोनदा तपासला, पेन्सिलीने तिसऱ्याभोवती गोल केला आणि विचारलं, "काकू, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडेही एक जुना लॅपटॉप पडलाय म्हणे?"