विमान दिसते, पण हाती लागत नाही

रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपीय संघाने विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना सांगितले: रशियातले सगळे करार २८ मार्च २०२२ पर्यंत संपवा. करार संपवायला एक पत्र पुरते. विमान मात्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सोडल्याशिवाय परत येत नाही. परदेशी मालकांची चारशेहून अधिक विमाने रशियात अडकली. किंमत सुमारे १० अब्ज डॉलर. या व्यवसायातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे डब्लिनची एअरकॅप. तिची एकटीची ११३ विमाने आणि ११ इंजिने तिथे राहिली.

यातली बरीच विमाने लपवलेली नव्हती. ती रोज प्रवासी नेत होती, आणि मालकांना ती नकाशावर सरकताना दिसत होती.

याचे कारण एडीएस-बी ही यंत्रणा. विमान उपग्रहांच्या मदतीने स्वतःचे स्थान काढते आणि १०९० मेगाहर्ट्‌झवर सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करते. टक्कर टळावी म्हणून हा संदेश मुद्दाम उघडा ठेवलेला आहे, त्यामुळे गच्चीवर लहानसा अँटेना लावलेल्या हौशी माणसालाही तीन-चारशे किलोमीटरवरचे विमान ऐकू येते. संदेशासोबत विमानाची ओळख सांगणारा २४ बिटांचा एक पत्ता असतो. असे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते देशांमध्ये वाटलेले आहेत. षोडशमान पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत) लिहिले तर रशियाचे पत्ते १ ने सुरू होतात, बर्म्युडाचे बहुतेक ४२४ ने.

बर्म्युडा इथे कुठून आले? रशियात उडणारी शेकडो विमाने कागदोपत्री त्या छोट्या बेटाच्या नोंदवहीत होती. १९९९ पासून रशिया आणि बर्म्युडामध्ये तसा करार होता. १२ मार्च २०२२ रोजी बर्म्युडाने या विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रे तात्पुरती रोखली. दोनच दिवसांनी रशियाने कायदा करून ती स्वतःच्या नोंदवहीत घ्यायची सोय केली. शेपटाजवळची व्हीपी-बी, व्हीक्यू-बी ही बर्म्युडाची नोंदणी-अक्षरे पुसून आरए-७३ने सुरू होणारे क्रमांक आले. १९४४ च्या शिकागो कराराच्या, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, १८ व्या कलमानुसार एक विमान एका वेळी दोन देशांत वैधपणे नोंदवता येत नाही. इथे नेमके तेच घडले.

नोंदणी बदलली की पत्ताही बदलतो. मागोवा घेणाऱ्याच्या पडद्यावर एक विमान कायमचे गप्प होते आणि कुठूनसे दुसरे बोलू लागते. मग जुना पत्ता शेवटचा कुठे ऐकू आला, नवा पहिल्यांदा कुठे, विमानाचा प्रकार कोणता, विमानतळाबाहेरून काढलेल्या छायाचित्रांत रंगाच्या कोणत्या खुणा दिसतात, हे सारे जुळवावे लागते. अखेरचा आधार म्हणजे कारखान्यात मिळालेला अनुक्रमांक. तो कोणतेही सरकार बदलू शकत नाही. हे चिकाटीचे काम कितीतरी हौशी लोकांनी केले, आणि त्याचे मोल मला फार मोठे वाटते.

अडचणी राहतातच. सायबेरियात जमिनीवरचे रिसीव्हर, म्हणजे हे संदेश पकडणारी उपकरणे, विरळ आहेत. तिथे इरिडियम या उपग्रह कंपनीच्या ६६ उपग्रहांवर बसवलेली तशीच उपकरणे कामी येतात. त्याहून अवघड प्रश्न खोट्या जीपीएस संकेतांचा. विमानालाच फसवले तर ते चुकीचे स्थान प्रामाणिकपणे सांगत राहते. तेव्हा चार रिसीव्हरवर तोच संदेश नेमका कधी पोहोचला यातला फरक मोजतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणून घड्याळे अचूक असली की विमानाने काय सांगितले याकडे न पाहताही जागा काढता येते.

मागोव्याची खरी धार दिसते ती विमानाने सीमा ओलांडल्यावर. १८ मार्च २०२२ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने परवानगीशिवाय रशियात गेलेल्या सुमारे १०० विमानांची यादी क्रमांकांसह जाहीर केली. त्यांना कुठेही इंधन देणे किंवा त्यांची दुरुस्ती करणे हा नियमभंग ठरू शकत होता. जून २०२२ मध्ये एरोफ्लोट या रशियन विमानकंपनीचे एक एअरबस ए-३३० कोलंबोत न्यायालयाच्या आदेशाने अडकले. काही दिवसांत सुटले. अशा विमानांना परदेशी पाठवणे किती धोक्याचे, हे त्यातून कळले.

पण नकाशावरचा ठिपका मूल्याबद्दल फार थोडे सांगतो, आणि माझ्या मते इथेच हा विषय सर्वांत खोल आहे. इंजिनातल्या फिरणाऱ्या चकत्यांचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येत ठरलेले असते. पहिल्या दिवसापासूनची नोंद सलग नसेल तर असा भाग दुसरी कंपनी वापरत नाही. एडीएस-बीच्या साठ्यातून विमान किती वेळा उडाले, किती वेळा उतरले हे मोजता येते. त्या दिवशी पंखाखाली कोणते इंजिन होते हे मात्र कळत नाही, कारण इंजिने एका विमानातून काढून दुसऱ्याला लावली जातात.

सप्टेंबर २०२३ मध्ये एअरकॅपला एरोफ्लोटकडची १७ विमाने आणि ५ सुटी इंजिने यांपोटी सुमारे ६४.५ कोटी डॉलर मिळाले आणि तो हिशेब मिटला. उरलेल्या अनेक विमानांचा वाद विमा कंपन्यांशी चालला. जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल देताना ती विमाने १० मार्च २०२२ रोजीच, म्हणजे रशियाने विमाने देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली त्या दिवशी, गमावली गेली असे धरले. रिसीव्हरवर त्यांचे संदेश त्यानंतरही येत होते.