दशमान मापनपद्धती : स्वीकार आणि विरोध (कोकणाच्या संदर्भात)

लांबीला मीटर, वजनाला किलोग्रॅम, द्रवाला लिटर आणि या सगळ्यांचे दहाच्या पटीत होणारे भाग, अशी मापनाची व्यवस्था म्हणजे दशमान किंवा मेट्रिक पद्धत. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जन्मली. १९६० पासून तिचे सुधारलेले रूप ‘एसआय’ (आंतरराष्ट्रीय एकक पद्धती) या नावाने जगभर प्रमाण मानतात. जवळजवळ सर्व देशांच्या कायद्यात तिला आज जागा आहे, तरी जुनी मापे पुरती कुठेच गेलेली नाहीत. एखादा देश ही पद्धत का उचलतो आणि एखादा का टाळतो, हे बघायला कोकणपट्टी फार चांगली जागा आहे. इथे एकाच घरात तांदूळ किलोने येतो, जमीन गुंठ्यांत सांगतात, आंबा डझनावर विकतात आणि समुद्राची खोली वावांत मोजतात.

कोकणाचे मुख्य पीक भात. ते तोलण्यापेक्षा भरून मोजण्याची रीत होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशिरी, पायली ही उतरंड दुपटीची आहे : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. दहाने भागायला कागद लागतो, निम्मे करायला नुसती नजर पुरते; या मापांमागचे शहाणपण ते. पायलीच्या वर मण आणि खंडी, शिवाय दक्षिणेला कुडव, उत्तरेला फरा. नावे सगळीकडे ओळखीची, पण माप गावागणिक वेगळे. अलिबागेत आंग्रे, मुरूडला सिद्दी, सावंतवाडीला भोसले, मधे इंग्रजांचा मुलूख आणि खाली पोर्तुगीजांचा गोवा, अशी एवढ्याशा किनाऱ्यावर राज्ये वाटली गेली होती. मग मापे एक कशी व्हावीत? त्याआधी शिवाजी महाराजांच्या काळात त्यांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांनी जमीन मोजायला पाच हात पाच मुठींची काठी ठरवून दिली. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, असा तो हिशोब होता. सारा ठरवणाऱ्या राज्याला एक माप लागतेच, हे त्यातून दिसते.

पायलीजवळ थोडे थांबायला हवे. माप काठाशी आले की वर हात फिरवून ते सपाट करायचे, की धान्याची टोकदार रास चढू द्यायची? या राशीला ‘शीग’ म्हणतात. ‘उत्सुकता शिगेला पोचली’ असे आपण रोज म्हणतो, ते या मापावरून. शिगेवरचा दाणा टिकेनासा होऊन घरंगळू लागला की माप भरले. आता मापणाऱ्याने धान्य किती उंचावरून सोडले, पायली हलवून दाणा बसवला की नाही, यावर दर पायलीमागे मूठ दोन मुठी इकडच्या तिकडे होतात. कुळाला खंड, म्हणजे जमीन कसण्याचा मोबदला, धान्यात भरायचा असे, तेव्हा या मुठी कुणाच्या पदरात पडतात हा पोटाचा प्रश्न होता. माप खोताचे (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे), खळे खोताचे, मापणारा हातही त्याचाच असला की तक्रार करायची कुणाकडे? अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप (१९३३ ते १९३९) नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढला गेला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. तो लढा जमिनीचा आणि खंडाचा होता. पण जिथे खंड मापाने भरतात तिथे माप कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न खंडापासून वेगळा काढता येत नाही.

फ्रान्समध्ये दशमान पद्धत जन्मली ती अशाच गाऱ्हाण्यातून. १७८९ मध्ये तिथल्या लोकांनी राजाकडे पाठवलेल्या तक्रारींत ‘एक राजा, एक कायदा, एक वजन, एक माप’ ही मागणी पुन्हा पुन्हा येते, कारण प्रत्येक सरंजामदार आपल्या मापाने धान्य घेई. शास्त्रज्ञांनी त्यावर काढलेला तोडगा धाडसी होता : माप कुठल्याच राजाच्या हातापायावरून घ्यायचे नाही, ते पृथ्वीवरून घ्यायचे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी दलांब्र आणि मेशॅं या दोन खगोलशास्त्रज्ञांनी उत्तर फ्रान्समधले डंकर्क ते स्पेनमधले बार्सिलोना हे अंतर १७९२ पासून काही वर्षे मोजले. ७ एप्रिल १७९५ ला कायदा झाला. पण खुद्द फ्रेंच माणसाने तो मनावर घेतला नाही. १८१२ मध्ये नेपोलियनने जुन्या नावांची मापे पुन्हा चालू दिली, आणि खरी सक्ती आली ती १८४० पासून. जन्मगावी रुजायलाच पंचेचाळीस वर्षे लागली, हे इतर देशांना नावे ठेवताना लक्षात ठेवायला हवे.

नंतर कुणी ही पद्धत घेतली ते पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. राज्याची घडी नव्याने बसत असताना ती येते. इटली एक झाला तेव्हा, जर्मनी एक झाल्यावर १८७२ मध्ये, रशियात क्रांतीनंतर १९१८ मध्ये. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालने १८५२ मध्येच तिचा कायदा केला. २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये सतरा देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, तेव्हा व्यापार, तारायंत्र आणि रेल्वे यांमुळे माप देशाबाहेर समजणे ही प्रत्येकाची गरज झाली होती.

भारतात इंग्रजांनी १८७०-७१ मध्येच किलोग्रॅमएवढ्या वजनाचा ‘शेर’ ठरवणारे कायदे केले होते, पण ते अमलात आलेच नाहीत. इंग्लंडने जे घरी केले नाही, ते इथे नेटाने कोण करणार? १९३९ च्या कायद्याने ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण प्रमाण ठरला. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. आधी पैसा बदलला : १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. मापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत नवी वजने आली आणि एप्रिल १९६२ पासून देशभर किलोची सक्ती झाली. हा क्रम शहाणपणाचा होता. बाजारात गेलेल्या माणसाच्या हाताला दशांशाची सवय आधी नाण्याने लागली आणि मग वजन आले. शेर ९३३ ग्रॅमचा असल्याने किलो त्याच्या जवळचाच होता, हेही सोयीचे पडले. शाळेतल्या पावकी, निमकी, पाऊणकी मात्र त्या लाटेत गेल्या. ‘पाव किलो’, ‘दीड लिटर’ हे शब्द राहिले, त्यांचे पाढे राहिले नाहीत, याचे मनापासून वाईट वाटते.

विरोधाची कारणे देशागणिक वेगळी आहेत. ब्राझीलच्या ईशान्य भागात १८७४-७५ मध्ये लोकांनी बाजारात शिरून नवी वजने-मापे फोडली. ‘किलो फोडणारे’ हेच त्या उठावाचे नाव पडले. तिथे नवे माप नव्या करांच्या सोबतीने आले होते, आणि नव्या तराजूत आपण फसवले जाऊ ही भीती होती. फ्रान्समध्ये जे माप सरंजामदाराविरुद्ध मागून घेतले, ते ब्राझीलमध्ये सरकारचे म्हणून फोडले गेले. ब्रिटन आणि अमेरिकेचे कारण निराळे. ब्रिटनने १८२४ मध्येच आपली मापे एक केली होती, त्यामुळे गोंधळाचा जाच नव्हता, आणि कारखान्यांतला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक लेथ इंचावर उभा होता. बदलायचे म्हणजे चालता कारखाना बदलायचा. ब्रिटनने १९६५ मध्ये बदल सुरू केला, पण रस्त्यावरचे मैल आणि बिअरचा पाइंट आजही आहेत. अमेरिकेने मीटर करारावर पहिल्या दिवशी सही केली, १८९३ पासून तिचे यार्ड-पाउंड मीटर-किलोवरूनच ठरतात, १९७५ मध्ये कायदाही केला, पण ऐच्छिक. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेले तिचे एक यान हरवले, कारण एका गटाने पाउंडात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटनमध्ये धरले. एवढे होऊनही दुकानातले पाउंड हलले नाहीत.

काही देशांनी मधली वाट काढली. चीनने ‘जिन’ हे जुने नाव ठेवले आणि ते नेमके ५०० ग्रॅमचे केले. आपल्याकडे सराफाच्या तोळ्याचे तेच झाले : पूर्वी ११.६६ ग्रॅमचा, आता बोलण्यात दहा ग्रॅमचा. गुंठ्याची गत निम्मी अशीच आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर १०० चौरस मीटरचा. म्हणून ‘आर म्हणजे गुंठाच’ असे सर्रास समजतात. लहान तुकड्यात ते खपते, पण हेक्टरभर बागेत सव्वा गुंठ्याच्या आसपास फरक पडतो, आणि भावांच्या वाटणीत तेवढ्यावरून बांध भांडणाचा होतो.

कोकणात आज जे जुने माप टिकले आहे, ते अडाणीपणाने टिकले आहे असे म्हणणे चूक ठरेल. हापूसच्या पेटीत चार डझन फळे बसली की सहा, यावरून फळ केवढे ते न उघडता कळते. पेटी तेवढीच, म्हणून फळे कमी तितके फळ मोठे. किलो हे सांगत नाही. त्याच कलमाचा डागी, लहान आंबा कॅनिंगला जातो तो मात्र किलोवर, कारण तिथे रसाशी मतलब. मासळीबाजारात सुरमई-पापलेट काट्यावर चढते, बारीक मासळीचा वाटा नजरेने लावतात. वाळू आणि जांभा यांचे तर सरकारच ब्रासमध्ये मोजमाप करते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि स्वामित्वधन त्यावरच आकारले जाते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पुरती सुरू झाली, तिच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर लिहितात. ते मूळचे साडेपाच फूट.

समुद्रावर तर किलोमीटर पोचलाच नाही. सागरी मैल १८५२ मीटरचा, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, म्हणून नकाशावर अंतर थेट मोजता येते. राज्याची सागरी हद्दही बारा सागरी मैलांची. खोलीचे जुने माप वाव : दोरीला शिसे बांधून तळाला सोडायचे आणि ती वर ओढताना दोन्ही हात पसरून एकेक वाव मोजायचा. होडीवर आता खोली दाखवणारे यंत्र असते, नकाशेही मीटरमध्ये छापतात. पण किती पाण्यात जाळे टाकले हे बंदरावर सांगताना आकडा वावांचाच येतो, कारण ऐकणाऱ्याच्याही हातांना तेवढी दोरी ठाऊक असते.