रिफ्लो ओव्हन: पडद्यावरचा आकडा बोर्डाचा नसतो

रिफ्लो ओव्हनमध्ये सर्किट बोर्ड कन्व्हेयरवरून गरम हवेच्या झोनमधून (कप्प्यांतून) जातो आणि सोल्डर पेस्ट वितळून पार्ट जोडले जातात. सेटिंग तेच, पेस्ट तीच. तरी एका बोर्डावर सोल्डर छान पसरतं आणि दुसऱ्यावर दाणेदार राहतं. ओव्हनच्या पडद्यावर दिसतं ते झोनमधल्या हवेचं तापमान. जाड तांब्याचा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा बोर्ड त्याच हवेत कितीतरी सावकाश तापतो. म्हणून प्रत्येक नव्या बोर्डाचं प्रोफाइल, म्हणजे वेळेनुसार त्याचं तापमान कसं बदलतं त्याचा आलेख, वेगळं काढा.

त्यासाठी एक भरलेला बोर्ड राखून ठेवा. दोन के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) घ्या. एकाची टोकाची गाठ सर्वांत जड पार्टच्या पायाला लावा, दुसऱ्याची कडेच्या छोट्या रेझिस्टरजवळ. गाठ पॅडला घट्ट टेकलेली हवी. टेप सुटून ती केसभर जरी वर उचलली, तरी ती हवेचं तापमान दाखवते आणि सगळं मोजमाप वाया जातं.

शिसंविरहित एसएसी३०५ पेस्ट २१७ ते २२० अंशांना वितळते. सुरुवातीला तापमान सेकंदाला १ ते ३ अंशांनी चढू द्या, १५० ते २०० अंशांत ६० ते १२० सेकंद ठेवा. २१७ च्या वरचा वेळ ६० ते ९० सेकंद, शिखर २३५ ते २४५. पेस्टच्या कंपनीचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तोच प्रमाण माना. कन्व्हेयरचा हिशोब सोपा आहे: तापणारी लांबी १८० सेंमी आणि वेग मिनिटाला ४५ सेंमी असेल, तर बोर्ड ४ मिनिटं आत राहतो.

छोटा चिप पार्ट एका टोकावर उभा राहिला, तर त्याच्या एका पॅडवरचं सोल्डर आधी वितळून त्याने पार्ट ओढलेला असतो. अशा वेळी शिखर वाढवून उपयोग नाही. वितळण्याआधीचा टप्पा थोडा लांबवा आणि एका पॅडला जास्त तांबं जोडलंय का ते पाहा.

आकडे बरोबर दिसूनही बोर्ड थंड निघत असेल, तर ब्लोअर तपासा. पंखा मंदावला की हीटरजवळचा सेन्सर खूश असतो, पण गरम हवा बोर्डापर्यंत पोचतच नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात जास्त जपायला हवं. फ्रीजमधली पेस्ट ४ तास बाहेर राहू द्या, मगच झाकण उघडा. गार डबीत हवेतलं पाणी धरतं आणि सोल्डरचे बारीक गोळे उडतात. एमएसएल ३ (ओलाव्याला आयसी किती नाजूक याची श्रेणी) च्या आयसीला पाकीट फोडल्यावर सोल्डर करेपर्यंत मिळणारे १६८ तास हे ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच. जुलैत एसी नसलेल्या शेडमध्ये ते धरू नका. ओलावा ओव्हनमध्ये वाफ होतो आणि आयसी आतून फाटते. बाहेरून अनेकदा काहीच दिसत नाही. ओलावा काढायला ट्रेमधले आयसी १२५ अंशांना भाजता येतात, किती तास ते पाकिटावर बघा. रीळ मात्र त्या तापमानाला ठेवू नका, प्लॅस्टिक वाकतं.

वीज गेली तर आतले बोर्ड जागच्या जागी करपतात. हीटर नको, पण कन्व्हेयर आणि ब्लोअर यूपीएसवर हवेतच. काम संपल्यावरही मेन स्विच लगेच पाडू नका. ओव्हन १०० अंशांखाली येईपर्यंत पंखे फिरू द्या, नाहीतर बेअरिंगमधलं ग्रीस जळतं. कूलिंग झोनमध्ये साचलेला चिकट फ्लक्स (पेस्टमधलं सोल्डर पसरायला मदत करणारं रसायन) नियमित पुसा. तो बोर्डावर टपकला की डाग सहजी निघत नाही.