चोवीस तासांची लघवी गोळा करताना पहिली लघवी टाकून का द्यावी?

चोवीस तासांच्या लघवीची तपासणी सांगितली गेली की ‘एका बाटलीवर भागणार नाही का?’ हा प्रश्न आम्हाला प्रयोगशाळेत हमखास विचारला जातो. दोन्ही मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील बहुतेक पाणी, क्षार व उपयुक्त घटक पुन्हा रक्तात घेऊन जेमतेम दीड-दोन लिटर लघवी तयार करतात. शरीराला पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जास्त झाले की पातळ. त्यामुळे एका वेळच्या नमुन्यातील प्रथिनांच्या आकड्यावरून दिवसभरात किती प्रथिने गेली हे थेट कळत नाही. प्रथिने आणि क्रिएटिनिन (स्नायूंमध्ये तयार होऊन लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर एकाच नमुन्यातून काढण्याची तपासणी आमच्याकडेही होते व पुष्कळदा ती पुरेशी ठरते. मात्र निवड आपल्या डॉक्टरांची असते.

नमुना पुन्हा द्यावा लागतो तो बहुधा पहिल्या लघवीमुळे. समजा, सकाळी सात वाजता सुरुवात करायची आहे. सातला केलेली लघवी टाकून द्यावी आणि वेळ लिहून ठेवावी, कारण ती रात्री तयार झालेली, म्हणजे आपल्या चोवीस तासांच्या आधीची असते. त्यानंतरची प्रत्येक लघवी, शौचाच्या वेळचीसुद्धा, कॅनमध्ये जमा करावी आणि दुसऱ्या दिवशी सातला शेवटची लघवी करून तीही त्यातच घालावी. पहिली धरली तर प्रथिने उगाच वाढलेली दिसतात. मधली एखादी सुटली तर कमी दिसतात, आणि हे अधिक घातक, कारण आजार झाकला जातो.

नमुना अपुरा आहे हे आम्ही कसे ओळखतो, याबद्दल काहींना शंका असते. स्नायूंमधून रोज साधारण तेवढेच क्रिएटिनिन तयार होत असल्याने, वय व वजनाच्या मानाने ते फारच कमी भरले तर आम्ही अहवाल देण्याआधी विचारपूस करतो आणि गरज पडल्यास नवा नमुना मागतो. यात आपला आणखी एक दिवस जातो, हे मान्य आहे. परंतु चुकीच्या आकड्यावरून औषध बदलले जाण्यापेक्षा ते परवडते.

कॅन आमच्याकडूनच न्यावा. काही तपासण्यांसाठी त्यात आधीच आम्ल घातलेले असते. ते ओतून देऊ नये व त्वचेला लागू देऊ नये. कॅन थंड जागी ठेवावा आणि त्यातली थोडी लघवी बाटलीत न आणता संपूर्ण कॅन आणावा, कारण एकूण मोजमाप आम्हालाच करावे लागते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे रक्तातून क्रिएटिनिन किती वेगाने काढून टाकतात याची तपासणी) सांगितले असल्यास रक्ताचा नमुनाही त्याच वेळी घेतला जातो, त्यामुळे वेगळी फेरी पडत नाही.