एक कप, एक उठाबशी

लातुरात सकाळी फिरायला निघालं की चहाच्या टपरीपासून पुढच्या चौकापर्यंत काय काय पडलेलं असतं, ते सांगायला नको. कागदी कप, गुटख्याच्या पुड्या (बंदी 2012 पासूनची!), नारळाच्या करवंट्या. चालता चालता हे उचलत जायचं, याला स्वीडनमध्ये 2016 च्या सुमारास 'प्लॉगिंग' नाव पडलं. 'प्लोका' म्हणजे वेचणं, त्याला जोडलं जॉगिंग.

यात खरा व्यायाम चालण्याचा नाही, वाकण्याचा आहे. साठ किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी झपझप चालला, तर जेमतेम शंभर कॅलरी जळतात, म्हणजे एक पोळी. पण प्रत्येक कपासाठी गुडघे मोडून खाली बसलात, तर चाळीस कपांच्या चाळीस उठाबशा होतात. मांड्या आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते आकुंचन पावताना इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. मधुमेहींना हे ठाऊक असायला हवं. कमरेतून वाकलात तर मात्र सगळा भार मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. गुडघे दुखत असतील, तर लांब दांड्याचा चिमटा घ्या. बाकीच्यांनी तो घेतला तर उठाबशीच गेली, छोटा सांडशीएवढा पुरे. हातमोजे हवेतच, कचऱ्यात काच आणि सुयाही असतात. गोणी अधूनमधून दुसऱ्या हातात घ्या. आणि सारखं थांबण्यानं हृदयाची गती खाली येते, म्हणून दोन कपांमधलं अंतर तरी झपझप कापा.

आता त्या कपाचं. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी रांजण, बॅरल, टाक्या भरून ठेवलेल्या असतात. तिची सोय तिथंच होते. पाणी ओतून दिलं तरी अंडी तशीच राहतात, म्हणून भांडं आतून घासावं लागतं. कोरडी पडलेली ही अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. करवंटीत किंवा कपात पहिला पाऊस साचला की ती फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो.

त्यामुळे मला तरी मे महिना सगळ्यात कामाचा वाटतो. ऊन चाळिशी ओलांडतं, म्हणून साडेपाचलाच निघायचं, घरून पाणी पिऊन. गोणी भरली की तोंड बांधून घंटागाडीतच टाकायची. कोपऱ्यावर उघडी ठेवली, तर अंडी आहेत तशीच राहतात, फक्त चौकातून कोपऱ्यावर आलेली असतात.