महाकाय शहर आणि जागतिक शहर

मेगासिटी म्हणजे महाकाय शहर आणि ग्लोबल सिटी म्हणजे जागतिक शहर, हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि मुंबईविषयी लिहिताना तर ही गल्लत हमखास होते. महाकाय शहर डोकी मोजून ठरते: संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येप्रमाणे ज्या नागरी क्षेत्राची वस्ती १ कोटी किंवा अधिक आहे, ते या वर्गात जाते. जागतिक शहर ठरते ते तिथे बसून किती देशांचा कारभार हाकला जातो यावरून. म्हणूनच ढाका महाकाय असूनही जागतिक शहरांच्या क्रमवारीत बरेच खाली असते, तर ज्याच्या हद्दीत पाच लाखही लोक राहत नाहीत असे झुरिक त्याच्या कितीतरी वर दिसते.

जागतिक शहराची कल्पना रूढ केली ती समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी. न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो यांच्यावरील १९९१ मधील त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की कंपनीचे कारखाने जगभर जितके विखुरतात, तितकी ते सांभाळणारी कामे मोजक्या शहरांत एकवटत जातात. कारण दहा देशांतला हिशेब, कर, विमा, करारमदार आणि भांडवल उभारणी हे कंपनी एकटीने करू शकत नाही. तिला लेखापरीक्षक, वकील, बँका आणि सल्लागार लागतात, आणि ही मंडळी एकमेकांच्या शेजारी राहूनच वाढतात. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात सुरू झालेल्या संशोधन गटाने पुढे याच धाग्याने शहरे मोजली: अशा सेवा-कंपन्यांच्या कचेऱ्या कुठे आहेत आणि त्या कचेऱ्यांचे वजन किती, एवढेच तो पाहतो, लोकसंख्या त्याच्या हिशेबात येतच नाही.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे आकर्षण भाबडे नाही. परक्या देशात उतरणाऱ्या कंपनीला परकेपणाची किंमत मोजावी लागते: कायदा अनोळखी, ओळखीपाळखी नाहीत, बाजाराची नस सापडलेली नाही. ही किंमत जागतिक शहरात कमी होते, कारण परक्यांना सामावून घेण्याची तिथे सवयच असते. मात्र तिथले भाडे आणि पगार सगळ्याच कामांना परवडत नाहीत. म्हणून प्रादेशिक मुख्यालय आणि विक्रीचे निर्णय शहरात, तर उत्पादन बाहेर अशी विभागणी होते. बहुराष्ट्रीय मोटार कंपन्यांनी कारखान्यासाठी चाकणचा माळ निवडला, वरळीची जागा नव्हे.

आता मुंबई आणि सिंगापूर शेजारी ठेवू. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबई शहर-उपनगरांची वस्ती १ कोटी २४ लाख होती. सिंगापूरची आजही ६० लाखांच्या आसपास आहे. मुंबई जागतिक शहर नाही असे मुळीच नाही, त्या क्रमवारीत ती चांगली वर असते. पण परदेशी कंपनी मुंबईत येते ती बहुधा भारताच्या बाजारपेठेसाठी, आणि सिंगापूरला जाते ती तिथून दुसरे देश सांभाळण्यासाठी. सिंगापूरने हे स्थान जाणीवपूर्वक घडवले: १९६१ मध्ये गुंतवणूक आणण्यासाठी स्वतंत्र मंडळ, १९६८ मध्ये अनिवासींच्या परकीय चलनातील ठेवींच्या व्याजावरील कर रद्द, १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र. त्या लवाद केंद्राकडे जाणाऱ्या परदेशी पक्षकारांत भारतीय कंपन्या आघाडीवर असतात. म्हणजे करार वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) होतो आणि त्यातले भांडण सिंगापुरात सुटते.

निफ्टीचे उदाहरण याहून बोलके आहे. मोठ्या कंपन्यांच्या शेअरांवरून काढलेला हा निर्देशांक मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा (एनएसई), पण त्याचे वायदे, म्हणजे त्याच्या पुढच्या भावावरचे सौदे, सिंगापूरच्या शेअर बाजारात (एसजीएक्स) २००० पासून चालत, आणि आपले दलाल सकाळी बाजार उघडण्यापूर्वी ‘एसजीएक्स निफ्टी’ बघून दिवसाचा अंदाज बांधत. २०२३ च्या जुलैत हे व्यवहार गुजरातच्या गिफ्ट सिटी या खास वित्तीय वसाहतीत आले. मुंबईला डावलले गेल्याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली आणि ती समजण्यासारखीही आहे. पण मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करण्याविषयीच्या पर्सी मिस्त्री समितीच्या २००७ च्या अहवालाने भर दिला होता तो नियमांवर. भांडवली खात्यावर रुपया पूर्णपणे परिवर्तनीय नाही, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जासाठी तो मोकळेपणाने परकीय चलनात बदलता येत नाही, तोवर परदेशी पैशाचा परदेशांतला व्यवहार इथे बसून करणे अवघडच राहणार, आणि गिफ्ट सिटीतही तो चालतो तो वेगळ्या नियमांचे कुंपण घालूनच.

बीकेसीतल्या एखाद्या परदेशी बँकेत नोकरी करणाऱ्याला महाकाय आणि जागतिक ही दोन्ही शहरे रोज भेटतात. त्याचा वरिष्ठ सिंगापुरात बसतो, तिथले घड्याळ अडीच तास पुढे असते, त्यामुळे तिथली नऊची बैठक इथे सकाळी साडेसहाला भरते. ती घरूनच उरकून तो लोकल पकडतो आणि वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो.